कांबळेकाकांची उडी

"ताई, मॉनिटर-बिनिटर ऱ्हाऊ द्या. हातच गेलाय माजा," कांबळेकाका म्हणाले.

काका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. उभी हयात सोलापूर-मंगळवेढा रूटवर गेली. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात सुस्त पडला. बोटं चालती राहावीत म्हणून मुलीनं, वैशालीनं, कॉम्प्युटरवर एम्युलेटर बसवून दिला. एम्युलेटर म्हणजे जुन्या गेम मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. काका तरुणपणी स्टँडामागच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये खेळायचे, तोच गेम: खड्डा आला की उडी मारायची. आता मात्र ते प्रत्येक खड्ड्यात पडत होते. हात कामातून गेला असं ठरवून त्यांनी फिजिओथेरपीही सोडली.

चित्र अडखळतं म्हणून वैशालीनं मला माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानातून घरी बोलावलं होतं. कॉम्प्युटर टीव्हीला जोडलेला. मी गेमचा कंट्रोलर घेतला आणि पहिल्याच खड्ड्यात पडले. पुन्हा पडले. परत पडले. मी हादरलेच. माझे दोन्ही हात धडधाकट आहेत, आणि हे गेम मी लहानपणापासून खेळतेय. हा माणूस टीव्हीच्या चुकीपायी स्वतःच्या हाताला शिव्या देत बसला होता.

टीव्ही चित्राची रंगरंगोटी करण्यात वेळ घालवतो, म्हणून बटण दाबल्यावर उडी पडद्यावर उशिरा दिसते. शिवाय त्याचा वेग ठरलेला, सेकंदाला साठ चित्रं. हा गेम काढतो पंचावन्नच्या आसपास. मेळ बसत नाही. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकचा मॉनिटर गेमसाठी थांबतो. चित्र तयार झालं की लगेच दाखवतो.

माझ्या दुकानात वैशालीनं मॉनिटरचं एक खोकं उचललं. "ह्याच्यावर एकशे चव्वेचाळीस लिहिलंय. हा घेऊ?"

"मोठा आकडा आम्हा दुकानदारांच्या कामाचा. तू खालचा आकडा बघ."

त्याच्या वेगाची रेंज सेकंदाला अठ्ठेचाळीस चित्रांपासून सुरू होत होती. पंचावन्न त्यात बसत होतं. घेतला.

घरी जोडला. सिंक मॉनिटरच्या मेनूत बंदच होतं, ते चालू केलं. मी खेळले. खड्डा पार. मग काकांनी कंट्रोलर घेतला, आणि पडले.

काका पुन्हा खेळले, पुन्हा पडले, आणि चक्क हसायला लागले.

"आता कळतंय की. दाबायला जरा उशीर हुतोय, एवढंच. ह्यो उशीर माजा हाय. माजा हाय तर मलाच कमी करता येतोय." मग वैशालीला म्हणाले, "उद्या त्या व्यायामवाल्या बाईंना बोलीव."

तेव्हापासून एखादं गिऱ्हाईक 'मला जमत नाही' म्हणालं, की आधी मी त्याच्या खुर्चीत बसून एकदा पडून बघते.