मावशीचा ब्रिज

मावशी पत्ते पिसायला लागली की समोरच्याला घाम फुटायचा. गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत तिच्याशी रमी खेळायला भलेभले कचरत, कारण ती सहसा हरत नसे आणि जिंकल्यावर गप्प बसत नसे! "खेळायचं तर जिंकायला, नाहीतर भाजी निवडा," असं ती तोंडावर सुनवायची.

आई गेल्यावर मी तिच्याकडेच राहायचे. नोकरी बंगळुरूच्या कंपनीत, काम घरून. घरात अजून टेलिफोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट, त्याचा जुनाट मॉडेम. मागच्या खोलीत वाय-फाय पोचेना म्हणून मी त्याला नवा राउटर जोडला आणि नसती पीडा मागे लावून घेतली. सारखं नेट तुटायचं, ऐन मीटिंगमध्ये मी गायब! साहेब म्हणाले, "सोमवारपर्यंत नीट करा, नाहीतर बंगळुरूला या." म्हाताऱ्या मावशीला एकटी टाकून? मला रडूच कोसळलं.

"रडतेस काय, वेडे? हे दोन डबे करतात तरी काय?" मावशीने विचारलं.

"घरातल्या प्रत्येक फोनला, लॅपटॉपला पत्ता देतात."

"दोघंही पत्ते वाटतात? अगं बाई, मग डाव मोडणारच! एकाला उठव."

मी हसले आणि एकदम चमकले. मॉडेमला 'ब्रिज मोड' असतो. म्हणजे त्याने नुसता पूल व्हायचं, बाकी कारभार राउटरचा. मी तो लावला आणि होतं नव्हतं तेवढंही नेट गेलं! "केलंस ना वाटोळं!" मी तिच्यावरच खेकसले.

मावशी ढिम्म. "उठणाऱ्याची पानं दुसऱ्याच्या हातात दिलीस का?"

पानं! कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड मॉडेममध्येच राहिले होते. ते राउटरमध्ये भरले मात्र, दिवा हिरवा झाला. मी मावशीला मिठीच मारली.

सोमवारची मीटिंग अखंड पार पडली. शेवटी मावशी मागून ओरडली, "जिंकलो!" ते साहेबांनीही ऐकलं. पुढे कितीतरी दिवस ती सोसायटीत सांगत हिंडली, "रमी काय घेऊन बसलात? मी ब्रिज जिंकलेय!"

गेल्या वर्षी तिने अंथरूण धरलं. मी तिच्या पलंगाला टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करायचे. मीटिंग संपली की ती माझा हात घट्ट धरून म्हणायची, "नाही ना नेऊ दिलं तुला त्या बंगळुरूवाल्यांना!" गेली त्या सकाळीही असंच म्हणाली, आणि मिश्कील हसली.