नाकवाल्या डॉक्टरांचा दवाखाना

खोकला घेऊन आलेला माणूस औषध घेऊन जातो, मागे काही ठेवत नाही. तोंड बदलून घ्यायला आलेला मात्र एक गोष्ट ठेवून जातो. रेवदंड्याला आमच्या डॉक्टरांकडे मी बारा वर्षं कंपाउंडर होतो. अशा गोष्टी इतक्या साठल्यात, की चार मित्र जमले आणि कुणी रूपाचा विषय काढला, की मला गप्प बसवत नाही.

डॉक्टर पहिल्या जर्मन लढाईत इराकात बसऱ्याच्या लष्करी इस्पितळात होते. फुटलेले जबडे आणि उडालेली नाकं जोडायला ते तिथं शिकले. परत येऊन त्यांनी दवाखाना काढला, आणि सगळा किनारा त्यांना ‘नाकवाले डॉक्टर’ म्हणू लागला. सुरीला हात लावण्याआधी ते माणसाला खुर्चीवर बसवून अर्धा तास नुसते प्रश्न विचारत. हे कुणाला हवंय, कशासाठी हवंय, बिघडलं तर काय करशील. लोक कंटाळायचे. सुरुवातीला मीही कंटाळायचो.

*

बोर्ली पंचतनहून एक शेतकरी सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन आला. तिचा वरचा ओठ जन्मापासून दुभंगलेला. ओठ शिवून आणलात तर मुलगी करून घेऊ, असं एका घरानं कळवलं होतं. डॉक्टर मुलीला विचारत आणि उत्तरं बाप देई. शेवटी डॉक्टरांनी त्याला बाहेर बाकावर बसवलं. मग मुलगी म्हणाली, मला नीट बोलता आलं तरी पुरे.

ओठ छान जुळला. एक बारीक रेघ राहिली, एवढंच. मुलाकडचे आले, तिला खिडकीच्या उजेडात उभी करून त्यांनी ओठ निरखला आणि म्हणाले, हिचा शिवलात, पण हिच्या पोरांचे कोण शिवणार? पोरांना तसं होणार नाही असं सर्टिफिकेट द्या म्हणून बाप डॉक्टरांकडे धावत आला. तसं कुठल्याच डॉक्टरला लिहून देता येत नाही. लग्न मोडलं.

पुढच्या वर्षी बाप बाजारात दिसला, तेव्हा मी मुलीची चौकशी केली.

‘बरी हाय,’ तो म्हणाला. ‘आदी बोलता येत नव्हतं. आता उलट बोलते.’

*

एकदा अलिबागला नाटक कंपनीचा मुक्काम होता. तिच्यात नायिकेची कामं करणारा नट तोंडाला उपरणं गुंडाळून आमच्याकडे आला. नाक जरा बसकं, म्हणून मुंबईत कुणाकडून तरी त्यानं सुईनं त्यात मेण भरून घेतलं होतं. तेव्हा ती फॅशनच निघाली होती. दोन हंगाम नाक चाफेकळीसारखं राहिलं. मग मेण हळूहळू सरकलं. त्यानं उपरणं सोडलं तर नाक पहिल्यासारखंच बसकं, आणि डाव्या डोळ्याखाली सुपारीएवढी गाठ.

डॉक्टरांनी विचारलं, भरून घेण्याआधी तुम्ही काय काय विचारलंत?

‘किती दिवसांत कामावर उभा राहीन, एवढंच विचारलं,’ तो म्हणाला. ‘काढता येतं का, ते विचारलंच नाही.’

मेण मांसात मुरलं होतं. निघालं तेवढं डॉक्टरांनी काढलं, गालावर मोठा वण पडला. मॅनेजरनं त्याला कंपनीतून काढलं नाही, हेही सांगायला हवं. पुढच्या खेळाला त्याला राक्षसाचं काम दिलं आणि हँडबिलात छापलं, ‘राक्षस, मुखवट्याशिवाय!’

*

दिवेआगरचे एक नारळ-सुपारीचे वाडीवाले होते. पन्नाशी उलटलेली, बायको वारलेली. दुसरं लग्न ठरलं होतं, मुलगी विशीतली. डोळ्यांखालच्या पिशव्या तेवढ्या काढून द्या, म्हणाले. डॉक्टरांनी त्यांची खालची पापणी बोटानं ओढून दाखवली. इथली कातडी मुळातच थोडी, जरा जास्त गेली तर डोळा मिटणार नाही, असं सांगितलं. मग विचारलं, मुलीनं तुम्हाला पाहिलंय का? वाडीवाले म्हणाले, तिला कोण विचारतंय?

ते रागावून आगबोटीनं मुंबईला गेले आणि पिशव्या काढून आले. लग्नही झालं. वर्षभरानं त्यांची बायको डोळ्यांचं मलम न्यायला आली. डोळे मिटत नव्हते, सदा लाल असत. दुपारी ते पडले की डोळ्यांवर ओलं फडकं ठेवता ना, असं मी विचारलं.

‘ठेवते की,’ ती म्हणाली. ‘झोपेतसुद्धा माझ्यावर नजर असते. फडक्यानं तेवढीच मला सुटका.’

*

आतल्या एका खेड्यातली बाई मुलाबरोबर आली. मुलगा मुंबईत कारकून, सासुरवाडी शिकलेली मिळणार होती. आईच्या कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण त्याला काढून हवं होतं. डॉक्टरांनी बाईला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? पोराच्या मनात हाय, एवढंच ती म्हणाली. गोंदणाच्या जागी वण राहील, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. वण चालेल, मुलगा म्हणाला, चुलीपाशी भाजलं म्हणून सांगता येतं.

डॉक्टरांनी नको नको म्हणत ते काम केलं. टाके पडल्यावर बाई उठून बसली आणि तिनं कापलेली कातडी मागितली.

‘गोंदान तेवढं मेल्यावर संगं येतं,’ ती मला म्हणाली. ‘ते द्या मला.’

मी ते मघाशीच मागच्या राखेच्या खड्ड्यात टाकलं होतं. जाऊन राखेत हात घातला, बराच वेळ शोधलं. तुकडे दोन होते. मला एकच सापडला.

*

रोह्याकडच्या एका गावची बाई भावाबरोबर आली, तेव्हा तिनं पदर नाकावरून घेतलेला होता. वय पंचविशीचं. नवऱ्यानं संशयावरून तिचं नाक कोयत्यानं कापलं होतं आणि तो तुरुंगात होता. जखम भरून आली होती. कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक करायची रीत डॉक्टरांना चांगली येत होती. या बाईचं नाक आपण झकास करू, असं ते मला आत येऊन सांगून गेले. इतक्या खुशीत मी त्यांना क्वचितच पाहिलंय.

मग त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. हे कुणाला हवंय, म्हटल्यावर बाई म्हणाली, मला. कपाळावर वण राहील, तीन आठवडे इथं राहावं लागेल, दुखेल. सगळ्याला ती हो म्हणाली. मी क्लोरोफॉर्मची बाटली काढायला उठलो. शेवटचं म्हणून डॉक्टरांनी तिला विचारलं, तुला काही विचारायचंय?

‘हे पुन्यांदा कापलं,’ ती म्हणाली, ‘तर पुन्यांदा करता येल?’

डॉक्टरांनी खरं ते सांगितलं, की नाही, कपाळाची कातडी एकदाच वापरता येते.

बाईनं भावाकडे वळून विचारलं, तो सुटायला किती दिस हायेत? दोन वर्षं, भाऊ म्हणाला. ती खुर्चीवरून उठली आणि पदर परत नाकावरून घेतला.

‘मंग आत्ता नको,’ ती म्हणाली. ‘तो येऊन जाऊ दे. त्यानंतर करू.’