देपालपुरच्या बाईंनी मुलगी मागितली तेव्हा

कृपा हा शब्द मी अजूनही अडखळतच लिहितो. पत्नी गेली त्या दिवसाबद्दल लिहिताना तर हात थांबतोच. तरीही त्या दिवशी जे मिळाले त्याला दुसरे नाव मला सापडलेले नाही.

लग्नानंतर थोड्याच काळात तिच्या मेंदूत एकदा रक्तस्राव झाला होता. ती त्यातून उठली, पण डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितले होते की मेंदूतल्या शिरा नाजूक आहेत, गरोदरपणात पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. दिवस राहिले तेव्हा मी हादरलो. ती म्हणाली, "मला भीती वाटत नाही असं नाही हो. पण मूल हवंय." महिने सुखरूप सरले. नववा लागला तेव्हा सगळ्यांनाच धीर आला, आणि बड्या गणपतीच्या देवळाजवळच्या आमच्या घरी डोहाळजेवण ठरले.

फुलांचे दागिने घालून ती पाटावर बसली. झाकलेल्या दोन वाट्या पुढे आल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. तिने एक वाटी उचलली, ती हातातून पडली. दुसरी उचलली, तीही पडली. बायकांत हशा पिकला. "दोन्ही सांडलंस, जुळं दिसतंय गं," आत्या म्हणाली. शेजारीण म्हणाली, "भाभीजी, आराम से. मिठाई कहीं भाग नहीं रही." दाराशी उभा मीही हसलो. मग तीही हसली, पण ते हसू तोंडाच्या एकाच बाजूला उमटले.

त्याच फुलांत आम्ही तिला टांग्यातून तुकोगंजच्या दवाखान्यात नेले. मेंदूतली शीर फुटली होती. पोट उघडून मूल वाचवले, ती गेली. मला रडू आले नाही. माणसे बोलत होती, त्यांचे ओठ तेवढे हलताना दिसत होते.

मुलगी झाली होती. कापसाच्या बोळ्याने दिलेले दूध तिच्या ओठांवरून ओघळून जाई. हिने दूध घेतले नाही तर कठीण आहे, असे नर्सबाई म्हणाल्या. मी तिला छातीशी घट्ट धरून बसलो होतो, सासूबाईंच्याही हाती देत नव्हतो. हातातून सुटले की जाते, एवढेच डोक्यात होते.

शेजारच्या वॉर्डात देपालपुरकडची एक बाळंतीण होती. आमची कुणीच नव्हे. भिंत धरत ती आली आणि म्हणाली, "भैयाजी, छोरी म्हके दे दो." मी मान हलवून नाही म्हटले. ती खालीच बसली. "ऐसे तो सेठ भी तिजोरी नी पकड़े. दूध म्हारे कने है. तमारे कने कई है?"

माझ्यापाशी काय होते? देवाचे नावही ओठांवर येत नव्हते. मी बोटे सैल केली.

तिने मुलीला पदराआड घेतले. मग घोट घेतल्याचा बारीक आवाज आला, आणि मला त्या दिवशीचे पहिले रडू फुटले.

दवाखान्यात होती तोवर त्या बाईने स्वतःच्या मुलाबरोबर माझ्या मुलीलाही पाजले. पत्नीला का नेले, हे देवाला विचारणे मी अजून सोडलेले नाही. पण शरण जाणे म्हणजे हात जोडणे, असे जे मी समजत होतो, ते पुरते खरे नव्हते. माझ्याकडून त्या दिवशी हात जोडले गेले नाहीत. ते फक्त उघडले.