चार सामन्यांची तिकिटं

परवा कामशेतच्या नाक्यावर उकडलेल्या शेंगांचा वास आला आणि गहुंज्याच्या मैदानातली ती दुपार आठवली. आई गेल्यावर वडील घरात नुसते गप्प बसून असायचे, म्हणून मी दोघांसाठी तिथल्या त्या हंगामातल्या चारही क्रिकेट सामन्यांची तिकिटं एकदम काढली होती. एकत्र घेतली की सवलत मिळायची. पण कारखान्यात माणसं कमी, मला सुट्टी मिळेना. तीन सामन्यांना वडील आमच्या कान्हे गावाहून एकटेच गेले. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवायचे आणि कोणी विचारलं की सांगायचे, "पोरगं येतंय माजं." चौथ्या सामन्याला मात्र मी सलग दोन पाळ्या करून तसाच गेलो. खुर्च्या तापलेल्या, भोंग्यांचा गोंगाट, वडिलांच्या रुमालात गरम शेंगा. पहिल्या दोन षटकांनंतरचं मला काहीच आठवत नाही. जाग आली तेव्हा मैदान रिकामं झालं होतं, झाडणाऱ्या बाया खालून एकेक रांग वर येत होत्या आणि माझं डोकं वडिलांच्या खांद्यावर होतं. "आबा, उठवायचं नाही का?" मी ओशाळून म्हणालो. "कशाला? लय दमलायस," असं म्हणून ते आखडलेला खांदा चोळू लागले. घरी शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "व्हय, दोघांनी बघितली की मॅच, शेवटपातूर." आता वडील नाहीत. माझ्या पाळ्या अजून चालूच आहेत, आणि तितका गाढ मी पुन्हा कधी झोपलेलो नाही.