अमेरिकेतल्या सर्व्हरवर आपली वेळ

अंगात येणं, करणी, झपाटणं... गोंदियाजवळच्या आमच्या बिरसी गावात हे सगळं मानणारे घरोघरी आहेत. मी त्यातली नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, काही बिघडलं की त्याचं कारण शोधून दाखवायचं हेच माझं काम. तरीही हे लिहितेय, कारण या एका गोष्टीचं कारण मला सापडलेलं नाही.

मी आणि माझा धाकटा भाऊ मुकेश, दोघंही पुण्याच्या एकाच कंपनीचं काम घरूनच करायचो. तो कोड लिहायचा, मी तपासायची. मागच्या खोलीत समोरासमोर टेबलं, आणि छपरावरून गावाजवळच्या धावपट्टीवरच्या ट्रेनिंगच्या विमानांची घरघर. ॲप होतं औषधाची आठवण करून देणारं, सर्व्हर अमेरिकेत. त्यावर चालणाऱ्या, ॲप तपासणाऱ्या टेस्ट्स रोज सकाळी फेल, म्हणजे लाल, व्हायच्या आणि दुपारनंतर त्याच टेस्ट्स पास, म्हणजे हिरव्या!

मुकेशने कारण शोधलं. आपल्याकडे सकाळ असते तेव्हा तिकडे अजून कालचीच तारीख असते. पुण्याच्या टीमने लिहिलेल्या जुन्या टेस्ट्स भारताची तारीख धरायच्या, सर्व्हर अमेरिकेची.

"ताई, कोडमध्ये काहीच खोट नाही. दोन घड्याळं भांडून राहिली," तो हसत म्हणाला.

त्याने दुरुस्ती लिहून मंजुरीसाठी पाठवली. मॅनेजरने ती उघडूनही पाहिली नाही. "दुपारी पास होतं, म्हणजे सकाळी तूच काहीतरी गडबड करतोस," एवढंच.

पावसाळा सरता सरता मुकेशला ताप भरला. थंडी वाजून चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. सुट्टी मागितली तर उत्तर आलं — आधी टेस्ट्स हिरव्या कर, मग जा.

बाबा दारातून ओरडायचे, "बंद कर ना बे ते! रक्त तपासाले चाल गोंदियाले."

"उद्या जातो, बाबा."

शुद्ध हरपली तेव्हा नेलं. मलेरिया मेंदूपर्यंत गेला होता. मुकेश परत आला नाही.

तेरवीच्या दिवशी सकाळी मॅनेजरचा फोन. "वाईट झालं... पण क्लायंट थांबत नाही. एकदा रन करून रिपोर्ट पाठवा." अंगणात स्वयंपाक चाललेला, घर माणसांनी भरलेलं. मी रागारागाने लॅपटॉप उघडला. लालच दिसणार हे माहीत होतं.

सगळ्या हिरव्या. एकूण एक!

लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींची फाइल, उघडला. सर्व्हरची वेळ — एशिया/कोलकाता. अमेरिकेतलं ते मशीन त्या सकाळी आपल्या घड्याळाने चालत होतं.

मी सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "मी हात लावला नाही. कोणी बदल केल्याची नोंदच नाही." पुन्हा तपासून तिने तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हर परत अमेरिकेच्या वेळेवर, आणि टेस्ट्स लाल.

पण त्याआधी, तेरवीच्या संध्याकाळीच, मॅनेजर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलून मोकळा झाला होता. "बघा, मुकेशचा हात निघाला आणि टेस्ट्स पास. गडबड कुठे होती ते कळलं ना?" मी म्हटलं, लॉग बघा. "आता ते उकरून काय मिळणार?" म्हणाला. पुढे त्याने गुपचूप मुकेशचीच दुरुस्ती टाकली... स्वतःच्या नावाने. त्यानंतर एकही टेस्ट फेल झालेली नाही.

त्या एका सकाळी ती वेळ कोणी बदलली? मुकेश, असं मी म्हणणार नाही. दुसरं काय म्हणावं तेही मला कळत नाही.

बाबांना मी सगळं सोपं करून सांगितलं होतं. ते मग म्हणाले, "म्हणजे तो टाइम बदलता येत होता?"

"हो बाबा."

"मंग पोरगा होता तवा काऊन नाही बदलला, माय?"