ज्याचं श्रेय त्याला

आमच्या सासऱ्यांइतका, म्हणजे मामांइतका, न्यायी माणूस अख्ख्या सातारा-सांगलीत सापडणार नाही, आणि न्यायी माणसाबरोबर एका घरात राहणं किती कठीण असतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले मामा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी फलटणकडच्या गावाहून मिरजेला आमच्याकडे आले आणि गुडघा बरा झाला तरी राहिले. ज्याचं श्रेय त्याला मिळालंच पाहिजे, हे त्यांचं व्रत. भाजी चांगली झाली की वांगी कुणाच्या रानातली, मसाला कुणी कुटला, हे कळेपर्यंत त्यांना घास गोड लागत नाही. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात त्यांनी मंगलाष्टकं थांबवून मांडववाल्याला स्टेजवर बोलावलं आणि शाबासकी दिली. तेवढ्यात मुहूर्त टळला. नवरीकडची माणसं अजून माझ्याशी तोंडदेखलं बोलतात, जणू मीच भटजींना गप्प केलं होतं.

शेजारच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त शिक्षक राहायचे, ख्रिश्चन, पिढ्यान् पिढ्या मिरजेचे. त्यांच्याशी गट्टी जमली आणि मामांनी थेट राज्यघटनेचं श्रेय वाटायला काढलं. समता, बंधुता आली कुठून? तर सरांच्या धर्मातून, हा मामांचा निकाल. पुरावा काय, तर मामांच्या लहानपणी त्यांच्या आजीला मिशनच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तिथे पाटलीणबाई आणि गावकुसाबाहेरची बाई शेजारशेजारच्या खाटांवर होत्या. बस्स. सरांचं म्हणणं नेमकं उलटं. ही तत्त्वं इथल्या माणसांनी चटके सोसून मिळवली, त्यात सगळ्यांचा हात आहे, आणि बायबल वाचणाऱ्यांनीही शेकडो वर्षं गुलाम बाळगलेच होते. म्हणजे हिंदू आग्रहाने वाढतोय आणि ख्रिश्चन ताटावर हात आडवा धरून नको नको म्हणतोय, असा प्रकार रोज संध्याकाळी आमच्या गॅलरीत, आमच्याच चहावर. कुपवाडच्या कारखान्यात दिवसभर मशीनचा खडखडाट ऐकून यावं, तर घरी हे.

एका सव्वीस जानेवारीला सोसायटीने झेंडावंदनानंतर बोलायला मामांनाच उभं केलं. मी देव पाण्यात घालून बसलो होतो. मामा खणखणीत आवाजात म्हणाले, "ही सगळी तत्त्वं सरांच्या धर्माची देणगी हाय. सरांसाठी जोरात टाळ्या हू द्या." टाळ्यांचा कडकडाट झाला. सर उठले आणि जिलेबी न घेता घरी गेले.

त्यानंतर ते गॅलरीत आले नाहीत. मामा रोज दोन कप मांडून बसायचे, एक गार व्हायचा. शेवटी वैतागून मीच सरांकडे गेलो. सर शांतपणे म्हणाले, "टाळ्या पाहुण्यासाठी वाजवतात. माझा पणजोबा याच मातीत पुरलाय. मी कुठून पाहुणा झालो?" मी ते मामांना तसंच सांगितलं. त्यांनी गार झालेला कप उचलून स्वतःच मोरीत ओतला, आणि मला पहिल्यांदाच त्यांची कीव आली.

पंधरा ऑगस्टला सर आले, पण मागे फाटकाशी उभे राहिले. कार्यक्रम संपला, लोक जिलेबीवर तुटून पडले आणि बसायला अंथरलेली भलीमोठी सतरंजी नेहमीसारखी तशीच पडून राहिली. मामा ऑपरेशनच्या गुडघ्यावर वाकले, दोन टोकं उचलली आणि म्हणाले, "आवं सर, तिकडची बाजू धरा." चेअरमन लगबगीने आले, सर, तुम्ही कशाला, राहू द्या म्हणू लागले. मामांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते जागीच थांबले.

"घरचं काम हाय," मामा म्हणाले. "घरच्यांनी न्हाई तर कुणी करायचं?"

सरांनी हातातली जिलेबी बाजूला ठेवली आणि टोकं धरली. दोघांनी सतरंजी झटकली, सगळी धूळ माझ्या अंगावर आली. घड्या घालता घालता दोघे अगदी समोरासमोर आले. मामांचे ओठ हलले. आता ही सतरंजी कुणी विणली त्याचं श्रेय निघणार, म्हणून मी कपाळाला हात लावला. पण मामांनी ते गिळलं. संध्याकाळी दोन्ही कप रिकामे झाले.

आता सर मुलीकडे पुण्याला असतात आणि मामा गावी. इतकी वर्षं मागत होतो ती शांतता गॅलरीत आहे, आणि ती मला खायला उठते. झेंडावंदनाच्या दिवशी मामांचा फोन येतो. भाषण कुणी केलं, हे ते विचारत नाहीत. सतरंजी कुणी उचलली, विचारतात. मी, म्हणतो.

"आन दुसरं टोक?"