फुटणाऱ्या बाटल्यांचा इतिहास

वाईनचा इतिहास म्हटलं की लोकांना राजे आठवतात, झुंबरं आठवतात. मला तळघरातले कामगार आठवतात. मोर्च्यांची पत्रकं लिहून माझा हात तयार झालेला, म्हणून वसईतल्या आमच्या गावच्या नाताळच्या वाईन प्रदर्शनाचे फलक माझ्याकडे आले. मी सरळ लिहिलं: फ्रान्सच्या थंडीत वाईनचं आंबणं अर्धवट थांबायचं आणि ऊब आली की बंद बाटलीतच पुन्हा सुरू व्हायचं. आज ज्याचं कौतुक होतं तो फेस आधी दोष मानला जायचा. बाटल्या फुटायच्या, एकीच्या धक्क्याने शेजारचीही. कामगार तोंडावर लोखंडी जाळी बांधून आत शिरायचे. पिणाऱ्यांची नावं इतिहासात आहेत. ज्यांचे डोळे गेले, त्यांची नाहीत.

"सणाला हे कसलं रडगाणं?" समितीचे अध्यक्ष म्हणाले.

"रडगाणं नाही, इतिहास आहे."

फलक लागला. पण वाचतो कोण? उद्‌घाटनाच्या सकाळी सभागृहाच्या मागच्या खोलीत गेले, तर सरबताच्या जुन्या, पातळ बाटल्या उभ्या. बुचं तारेने करकचून आवळलेली. आत शेजारच्या काकूंची मनुकांची वाईन, पुरती न आंबलेली, वरून आणखी साखर घातलेली. एरवी काकू बरणीला फडकं बांधतात, कोंडत नाहीत. यंदा अध्यक्षांनीच त्यांना भरीस घातलेलं: पाहुण्यांसमोर शॅम्पेनसारखी उडाली पाहिजे! आणि बाटली उघडणार होत्या स्वतः काकू.

"काकू, याला हात लावू नका. काच टिकायची नाही."

"गप गं बाय. जल्मभर वाईन केली, कोनी टाळी नाय वाजवली. आज आवाज होनार."

आवाज दुपारीच झाला. खोली रिकामी होती म्हणून निभावलं. भिंत लालभडक, काचा पार दारापर्यंत.

"एकच फुटली," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे बाकीच्या पक्क्या!"

आणि लोक हसले. माझं डोकंच फिरलं. डोळा गेला असता तर हेच लोक फळं घेऊन दवाखान्यात गेले असते आणि फोटो काढून घेतले असते. मी खोलीला कुलूप घातलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. पाहुणे आले. अध्यक्षांनी आधी गोड बोलून पाहिलं, मग दरडावून. मी हलले नाही.

शेवटी काकू आल्या, नवीन साडीत.

"किल्ली दे."

"नाही."

"तू कोन गं मला नाय म्हननारी? वाईन माजी हाय."

"वाईन तुमची. डोळेही तुमचेच. उद्या दुसरे आणून देणारे का हे?"

काकूंनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी घड्याळाकडे. मग त्या घरी गेल्या, बरणी घेऊन आल्या आणि ओगराळ्याने पेले भरू लागल्या. फेस नाही, आवाज नाही. पाहुण्यांनी मान डोलावली आणि भाषण सुरू केलं.

काकू तबक घेऊन माझ्यासमोरून गेल्या.

"तुला नाय."

"नका देऊ," मी म्हणाले, आणि किल्ली मुठीतच ठेवली.